मॅडमना सगळं कळायचं

चहा गार व्हायच्या आत सांगून टाकतो. मी पदरचे पैसे भरून, पावती घेऊन, स्वतःच्या मागे भूत लावून घेतलं होतं. हसा, पण आधी ऐका तरी.

मी चिंचोळी एमआयडीसीत स्टोअरकीपर. गोदामातला एक नट इकडचा तिकडे झाला तरी मला कळतं. छातीत काय चाललंय ते मात्र मी कुणाला कळू दिलं नव्हतं. आमच्या बिल्डिंगची लिफ्ट कायम बंद. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर आलं की छाती आवळायची. मी कठड्याला धरून उभा राहायचो, ‘गॅस आहे’ म्हणायचो आणि तिसऱ्या मजल्यावर हसत घरात शिरायचो. गावी, वळसंगला, माझे वडील, अण्णा, असंच ‘गॅस हाय’ म्हणत गेले. म्हणून तर बायकोला, सुनंदाला, सांगायची हिंमत होत नव्हती.

शेवटी कारखान्यातल्या मल्लिनाथनं एक डॉक्टरीणबाई सुचवल्या.

“वर्षाची फी एकदाच भरायची,” तो म्हणाला. “मग वर्षभर कवा बी फोन कर, कवा बी जा. नंबर न्हाय, रांग न्हाय. मेंबरच असतोय की आपण.”

गेलो. तर दारात एकही चप्पल नाही. आता तुम्हीच सांगा, दवाखाना कसा आहे हे आपण दारातल्या चपलांवरूनच ठरवतो ना? इथं माझीच एक जोडी. आत सगळ्या खुर्च्या रिकाम्या, पंखा कुरकुरतोय. मी तोंड उघडायच्या आत पडद्यामागून आवाज आला, “या, अशोकराव.” फोनवर मीच नाव सांगितलं होतं, हे मला घरी गेल्यावर आठवलं.

मॅडमनी निवांत तपासलं. छातीत काही होतं का, असं दोनदा विचारलं. मी दोनदा नाही म्हणालो. ईसीजीसुद्धा बिचारा माझ्या बाजूनं बोलला.

“रोज सकाळी फिरायला जायचं,” त्या म्हणाल्या, “आणि निघताना मला व्हॉइस मेसेज टाकायचा, कसं वाटतंय त्याचा. मी मेंबर मोजकेच घेते. प्रत्येकाचा मेसेज शेवटपर्यंत ऐकते. फी त्याचीच आहे.”

दुसऱ्या दिवशी बिल्डिंगच्या दारात उभं राहून मी मेसेज बोललो, “मॅडम, तब्येत ठणठणीत. फिरायला निघालोय.” फोन वरच्या खिशात टाकला आणि थेट भज्यांचा गाडा गाठला. घरी आल्यावर बघतो तर मेसेज गेलेलाच नव्हता. आमच्याकडचं नेट तसंच. बाण दाबला, गेला.

दुपारी मॅडमचा फोन. “अशोकराव, दोन प्लेट भजी जरा जास्त होतात.”

मी गार. गाड्यावर मी आणि मल्लिनाथ, दोघंच होतो. मल्लिनाथनं शपथ घेतली, “मी कशाला सांगू? माझा बी फोन येईल की.”

मग मी गाडा बदलला. पार रेल्वे फाटकापाशी एकटा जाऊन खाल्लं. मेसेज नेहमीप्रमाणे घरी आल्यावर गेला. दुपारी फोन, “आज फाटकाजवळ का? तिथलं तेल काळं असतं.”

त्या दिवसापासून मी मागं बघत चालायला लागलो. एक मोटारसायकल दोनदा दिसली तर गल्ली बदलली. जिन्यात कॅमेरा आहे का म्हणून बल्बच्या होल्डरमध्ये डोकावलो. तिथं एक मेलेला किडा होता.

आणि गुरुवारी तो फोन आला. मॅडमचा आवाज एकदम हळू.

“अशोकराव, दुसऱ्या मजल्यावर किती वेळ थांबता तुम्ही? आणि अण्णा कोण?”

त्या सकाळी जिन्यात चिटपाखरू नव्हतं. छाती जास्तच आवळली तेव्हा माझ्या तोंडून गेलं होतं, “अण्णा, आलो बरं का.” इतकं हळू, की माझं मलाच जेमतेम ऐकू आलं. ते ऐकणारं एकच माणूस होतं आणि ते वारून बारा वर्षं झाली होती. खरं सांगतो, मला भीती वाटली. मरणाची नाही, ते कुणालातरी कळल्याची.

शुक्रवारी सकाळी मल्लिनाथला गाड्यावर गाठलं. “ही बाई भानामती करते रे.”

“अय्यो,” तो म्हणाला. “आधी खिशात लिंबू ठेव. मग जाऊन मेंबरशिप मोड.”

आमच्या घरात असलं काही मानत नाहीत. मीही मानत नाही. तरी लिंबू घेतलं, फोनला चिकटून वरच्या खिशात ठेवलं.

शनिवारी दवाखान्यात गेलो. लाईट गेलेली, पंखा बंद, खोलीत अंधूक उजेड. म्हटलं, “मॅडम, माझी फी परत द्या.”

“देते की. आधी हे ऐका,” म्हणत त्यांनी फोन टेबलावर ठेवला.

फोनमधून पावलं ऐकू आली. जिन्यावरची. एक, एक. मग थांबली. मग श्वास. कुणीतरी ओली पोती ओढत न्यावीत तसा जड, मध्येच शिट्टी वाजवणारा. बराच वेळ नुसता तो श्वास.

मला राहवेना. “मॅडम, कोण आहे हा? अहो, याला आधी ॲडमिट करा. घरात कुणी सांगत नाही का याला?”

“करायचंच आहे. पुढं ऐका.”

श्वास थांबला आणि माझ्याच आवाजात कुणीतरी म्हणालं, “अण्णा, आलो बरं का.”

मी खुर्चीत बसलो ते बसलोच. मॅडमनी मग समजावलं. बोलून झाल्यावर माझा अंगठा वर सरकायचा, रेकॉर्डिंग तसंच चालू राहायचं आणि घरी आल्यावर बाण दाबून मीच ते पाठवायचो. तासतासभराचे मेसेज. भजी, फाटकाजवळचा गाडा, जिना, सगळं.

“भानामतीचं पण ऐकलं,” त्या म्हणाल्या. “ते लिंबू पाण्यात पिळून प्या. साखर नको.”

त्याच दुपारी त्यांनी स्वतः गाडीत घालून मोठ्या हॉस्पिटलात नेलं. एक नळी जवळजवळ बंद होती. उघडली.

घरी आलो तर सुनंदानं माझा फोन मागितला; मॅडमनी तिला मेसेजचं सगळं सांगितलं होतं. शांतपणे बसून तिनं पहिल्या दिवसापासून सगळे मेसेज लावले. जिन्यातला श्वास तिनं तीनदा ऐकला आणि पदरानं डोळे पुसले. “मला सांगायचं न्हाय व्हय ओ तुमी?” एवढंच म्हणाली. मला लई लाज वाटली, आणि तिचा हात धरावा म्हणून मी पुढंही झालो.

तेवढ्यात भज्यांच्या गाड्यावरचा माझा आवाज सुरू झाला, “मल्ल्या, घरी उप्पीट हाय रे. आमच्या हिच्या उप्पिटानं वीट जोडता येती.”

आता छातीचं काही नाही. जिना एका दमात चढतो. वर रोज उप्पीट असतं.