परदेशी देवांची अर्धी राहिलेली पोथी

अन्याय झाला तो पोथीतात्यांवर. कधी, तर गेल्या श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी, दिवेलागणीनंतर. कुठे, तर आमच्या गावच्या मारुतीच्या सभामंडपात. कसा, तर वाचन भरात असताना माइकचा प्लग ओढून. हे मी आधीच लिहून टाकते, कारण पुढे तात्यांची बरीच थट्टा येणार आहे आणि हसण्याच्या नादात कुणी मूळ मुद्दा विसरू नये.

शहापूरहून मुरबाडकडे जाताना आमचं गाव लागतं. तिथे श्रावणात पोथी लावायची तर दोन माणसं बसतात. एक वाचतो, दुसरा अर्थ सांगतो. तात्या वाचणारे. त्यांचा अर्थ सांगणारा जोडीदार वारला, तेव्हा गावाने दोनचार नावं सुचवली. तात्यांना एकही पटलं नाही. त्यांनी दोन्ही कामं स्वतःकडे घेतली. वाचताना चष्मा नाकावर, अर्थ सांगताना कपाळावर. चष्मा कुठे आहे ते पाहून बायांनी ओळखायचं, आता कोणते तात्या बोलताहेत. कधीकधी कपाळावरच्या चष्म्याचे तात्या नाकावरच्या चष्म्याच्या तात्यांना दटावायचे, "थांब रे जरा, पळतोस कुठं?" आणि मग दोघेही पाणी प्यायचे.

मी शहापूरला एका संघटनेचं काम करते. पत्रकं लिहिते, छापून आणते, वाटते. धरणं आमच्या तालुक्यात आणि उन्हाळ्यात टँकरही आमच्याच तालुक्यात, यावरचं पत्रक द्यायला मी तात्यांच्या ओटीवर गेले होते. त्यांनी ते पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचलं आणि चष्मा कपाळावर नेला.

"गो पोरी, लिवलंस खरं. पण ह्यात सगळेच ओरडतात. एखाद्याला नुसतं खोकू दे की."

"तात्या, परिस्थितीच तशी आहे."

"असंल. पण ओरडणाऱ्याचे शेजारी दार लावून घेतात."

मी चिडले. संघटनेत पत्रकाचं पहिलं वाक्य कसं हवं हे आम्हाला शिकवतात. खोकणाऱ्या माणसाबद्दल कुणी काही सांगितलेलं नव्हतं. तेवढ्यात त्यांची नजर माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या पुस्तकावर गेली. उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या जुन्या देवांच्या गोष्टी, आजच्या लेखकाने आजच्या बोलण्यात नव्याने सांगितलेल्या, मराठीत आलेल्या. मी ते स्वतःसाठी घेतलं होतं. तात्यांनी उभ्यानेच दोन पानं वाचली. "ह्यातले देव भांडतात, पण ओरडत नाय. हे ठेवून जा." मी ठेवून आले. परत मिळेल ही आशाही तिथेच ठेवली.

श्रावण आला. नेहमीची पोथी ऐकायला हल्ली चार म्हाताऱ्या आणि एक मांजर एवढीच गर्दी असायची. तात्यांनी ती पोथी अर्ध्या महिन्यातच संपवली, रीतसर नारळ फोडून समाप्ती केली, आणि दुसऱ्या दिवशी पाटावर लाल फडक्यातून माझं पुस्तक काढलं. कुणी विचारलंच तर सांगायचे, "परदेशी पुराण हाय." लाल फडक्यातून निघालेल्या वस्तूला आमच्या गावात कोण विचारतंय? आठवडाभरात सभामंडपात चपला ठेवायला जागा उरली नाही.

पुस्तक साध्या मराठीत होतं. त्याचा अर्थ सांगायची काही गरज नव्हती. पण तात्या सवय सोडतील तर ना! नाकावर चष्मा: "ओडिन म्हणाला, मला या विहिरीतलं पाणी हवं." कपाळावर चष्मा: "म्हंजे ओडिनला पाणी पायजे. कुठलं? विहिरीतलं." बाया माना डोलवायच्या. या ओडिनने, म्हणजे तिथल्या देवांच्या राजाने, ज्ञानाच्या विहिरीतल्या एका घोटासाठी स्वतःचा एक डोळा काढून दिला. ते ऐकून आमची चंद्रीकाकू, जी गावात कुणालाच भीत नाही, मागून ओरडली, "तात्या, हे टँकरवाल्याच्या कानावर घालू नका हां. उद्या तो पन डोळा मागंल!"

नावांचा घोळ तर विचारू नका. थॉर नावाचा हातोडेवाला देव आहे. तात्यांनी ठरवलं की छापणाऱ्याची चूक झाली, हा शब्द 'थोर'. झालं. "थोर हा थोर खरा, पन डोकं जरा कमी," असा अर्थ त्यांनी सांगितला आणि कथेशी तो इतका जुळला की मला दुरुस्ती करता आली नाही. लोकी नावाचा कपटी देव आहे, देवांच्याच पंक्तीत बसून देवांचाच घात करणारा. तात्यांच्या मते हे नावच नव्हतं. "लोकी म्हंजे लोकांमदी. त्याचं खरं नाव पोथीकारानं मुद्दाम नाय लिवलं."

"तात्या, ते नावच आहे. त्यांच्या भाषेतलं."

"तू गप गो. घात करणारा आपल्याच लोकांमदी असतो का नाय? मग?"

मी संघटनेत असल्यामुळे या मुद्द्यावर मला खरंच वाद घालता आला नाही.

हातोडा चोरीला जातो आणि तो परत मिळवायला थोर नवरीचा वेष घेऊन राक्षसाच्या घरी जातो, त्या दिवशी तर तात्यांनी कमाल केली. मूळ पुस्तकात ती नवरी एक अख्खा बैल आणि आठ मासे फस्त करते. पण महिना श्रावणाचा, जागा मारुतीची. तात्या क्षणभर थांबले आणि गंभीर आवाजात वाचू लागले, "नवरीने एक सबंध लाल भोपळा खाल्ला. त्यावर आठ काकड्या खाल्ल्या. आणि तीन हंडे पन्हं प्यायली." बाया हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. "नवरी हाय का गाभण म्हैस?" चंद्रीकाकूने विचारलं. चष्मा कपाळावर गेला. "लगीनघरात नवरीला जेवाय कोण वाढतंय गो? सकाळपासून उपाशी असंल बिचारी."

मी मात्र वाचन संपल्यावर त्यांना गाठलं. म्हटलं, हा फेरफार आहे, लेखकावर अन्याय आहे. तात्यांनी पुस्तक फडक्यात गुंडाळता गुंडाळता उत्तर दिलं, "फेरफार तलाठी करतो. हे पथ्य हाय. गणपती झाले की नवरीला परत मासे खाऊ घालीन."

तर असे तात्या भोपळ्याआड बैल झाकत होते. पण मरण त्यांनी झाकलं नाही. शेवटच्या सोमवारी तो भाग आला: लांडगा सूर्य गिळतो, समुद्र जमिनीवर येतो आणि ते सगळे देव, ज्यांच्याबरोबर आमच्या बाया अर्धा महिना हसल्या, एकामागून एक पडतात. ओडिनला लांडग्याने गिळलं. थोराने अजगर मारला, नऊ पावलं चालला आणि अजगराच्या विषाने कोसळला. "थोर पडला," असं तात्या म्हणाले आणि त्यांनी चष्मा वर नेलाच नाही. अर्थ सांगितला नाही. सभामंडपात पदर डोळ्यांना लागले होते. चंद्रीकाकूसुद्धा रडत होती.

नेमके त्याच वेळी मंदिर समितीचे अध्यक्ष आत आले. माणूस वाईट नाही, पण दारातून शिरताना कानावर पडलेल्या एका वाक्यावरून पूर्ण मत बनवणारा.

"तात्या! देवळात बसून देव मारताय?"

"मी नाय मारलं रे. लांडग्यानं मारलं."

"श्रावणात? मारुतीसमोर? बंद करा हे."

आणि प्लग ओढला. उद्यापासून दुसरी पोथी लावा, म्हणाले. तात्या जागचे हलले नाहीत. "एक पोथी अर्धी ठेवून दुसरी नाय लावत. आता एकच अध्याय उरलाय. समाप्ती करतो आणि उठतो."

"त्या अध्यायात काय हाय?"

"मला काय माहीत? पुढचं आधी वाचायचं नसतं."

हे खरं होतं! पुस्तक कित्येक दिवस घरात होतं, तरी या माणसाने शेवट पाहिला नव्हता. पोथी ऐकणाऱ्यांच्या पुढे धावायचं नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. मला शेवट ठाऊक होता. सगळं बुडाल्यावर पाण्यातून धरती पुन्हा वर येते, हिरवीगार. झाडाच्या पोटात लपलेली दोन माणसं बाहेर पडतात. न पेरता शेतं पिकतात. मी तिथेच तोंड उघडलं, तर तात्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "गप गो! मला ऐकू येतंय!" मग मी अध्यक्षांना बाहेर पाराजवळ नेऊन सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शेवट एवढा गोड हाय, तर तो आधी वाचायचा ना."

समितीची बैठक घेऊ, असं ठरलं. गणपती होऊ द्या, म्हणाले. मग नवरात्र होऊ द्या. मग भात कापून होऊ द्या. दरम्यान एक मजेशीर गोष्ट घडत होती. समाप्ती न झालेल्या पोथीचा पाट उचलायचा नाही, अशी आमच्याकडे रीत. वाचन बंद करणाऱ्यांचीही तो पाट हलवायची छाती होईना. नवरात्रात मंडपवाल्याने त्याला वळसा घालून खांब रोवला. भजनी मंडळ पाय आखडून बसलं. खुद्द अध्यक्ष पाटाच्या कडेकडेने झाडू मारताना मी पाहिले आहेत. बंदी घालायला धर्म आडवा आला नाही, पण पाट उचलायला आला.

मी तात्यांना दहा जागा सुचवल्या. शाळेचा व्हरांडा, माझी ओटी, शहापूरचं वाचनालय. सगळीकडे नकार. "जिथं लावली तिथंच उठवायची." मग मी पत्रक लिहिलं. मथळा दिला: देवांना मरू द्या! तात्यांनी मसुदा वाचला, चष्मा वर सरकवला आणि कागदाची घडी करून खिडकीच्या खडखडणाऱ्या फळीत खोचली. "हितं कामाला येईल," म्हणाले. ती खिडकी पुन्हा वाजली नाही, हे मान्य करायला हवं.

थंडीत त्यांना दम लागू लागला. वाशिंदला नव्या इमारतीत राहणारा मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला. पुस्तकही गेलं. मी भेटायला गेले तेव्हा तात्या गॅलरीत खुर्चीवर होते आणि खाली उभ्या असलेल्या गाड्या पाहत होते.

"करमतं का?"

"हितं सगळं बरं हाय. सून टीव्ही लावते आणि मला अर्थ सांगते. मी आता ऐकणारा."

पुस्तक मांडीवर होतं, लाल फडक्यात. मला राहवलं नाही. म्हटलं, तात्या, वाचा ना शेवटचं. कुणाला कळणार आहे? तुम्हाला तरी कळू दे.

तेव्हा त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. नाकावर नाही, कपाळावर नाही. हे तिसरे तात्या मी त्याआधी पाहिले नव्हते.

"मला कळलं काय न नाय कळलं काय. माझं सोड. त्या बाया रडत उठल्यात गो. रडत्या माणसाला पोथीवरनं उठवत नाय. कवाच नाय. इतकी वर्सं वाचलं, एक बाई माझ्या पोथीवरनं तशी घरी नाय गेली. आणि आता सगळ्याच गेल्या."

इतका वेळ मी समजत होते की हा हट्ट पुस्तकाचा आहे, जागेचा आहे, रिवाजाचा आहे. माझ्या पत्रकात तर तो अभिव्यक्तीचा होता. त्यांच्या लेखी प्रश्न एवढाच होता की चंद्रीकाकू थोर मेल्याचं दुःख घेऊन घरी गेली, आणि पुढे धरती हिरवी होते की नाही हे तिला सांगणं त्यांच्याकडे राहिलं.

होळीच्या आधी तात्या गेले. शेवट न वाचताच गेले. सूनबाई म्हणाल्या, शेवटच्या दिवसांत एकदा पुस्तक उघडून बसले होते, मग स्वतःवरच रागावून मिटलं. दहाव्याला अध्यक्ष आले होते. पुष्कळ वेळ हात जोडून उभे राहिले. निघताना माझ्याकडे न बघता पुटपुटले, "श्रावणात बघू."

अध्यक्ष, बघू नका. पुस्तक चंद्रीकाकूने तात्यांच्या मुलाकडून मागून आणलंय. मी तिला शेवट सांगू का विचारलं, तर म्हणाली, "खबरदार. पोथीत ऐकीन. वाच तू, पन तुझ्या पत्रकाच्या आवाजात नको." तेव्हा मी सराव करते आहे. हळू वाचायचा. मधे पाणी प्यायचा.

आणि तुम्ही, जे इथवर हसत वाचत आलात, शहापुरात असा, मुरबाडात असा, खर्डीला असा: या श्रावणातल्या पहिल्या सोमवारी दिवे लागले की आमच्या मारुतीच्या सभामंडपात या. समितीला विचारून येऊ नका. घोषणा देऊ नका. बायांच्या मागे जागा धरून मांडी घाला, आणि प्लगकडे कुणाचाही हात गेला तरी समाप्तीचा नारळ फुटेपर्यंत उठू नका.