माहेरची जत्रा परसात

मे महिना उजाडला की खोडदला उज्ज्वलाच्या घरी दोन्ही नणंदा लेकरांसकट माहेरपणाला येतात. थोरली इंद्रायणी भोसरीहून, धाकटी कल्याणहून. घरची-पाहुणी धरून तेरा माणसं. सकाळी पोहे, दुपारी आमरस, संध्याकाळी पोरांना गावाजवळच्या रेडिओ-दुर्बिणीच्या अवाढव्य तबकड्या दाखवून आणायच्या, आणि दिवसभर एकच हाक : "मामी, भूक लागली!" मामीचा जन्मच मुळी तव्यापुढं झाला असावा, असा त्या घराचा समज. नणंदांनी माहेरी यायचंच, त्याबद्दल उज्ज्वलाची तक्रार नव्हती. म्हणणं एवढंच, की आपल्यालाही एक आई आहे आणि तिचं गाव काही लंकेत नाही. महाळुंगे पडवळ. स्कूटीवर तासाभराची वाट.

पण माहेरची जत्रा नेमकी सुट्टीत, आणि सुट्टीत पाहुणे. सोळा वर्षं हाच घोळ. नवरा गोरख तसा गरीब माणूस, आवाज चढवणारा नाही. दर वर्षी म्हणायचा, "पुढच्या साली जा की. मी कुठं न्हाई म्हणतोय?" नाही न म्हणता नाही म्हणायची ही कला त्याला उपजतच होती.

यंदा मात्र निमित्त झालं लेकीच्या वहीचं. वृषाली आठवी पास झाली. वह्या रद्दीत घालण्याआधी उज्ज्वला चाळत बसली, तर मराठीच्या वहीत निबंध निघाला, 'माझ्या मामाचा गाव'. पोरीनं लिहिलं होतं, 'माझ्या मामाच्या गावी सुट्टीत खूप पाहुणे येतात. मामा शेतात जातो. मामी पहाटेपासून भाकऱ्या थापते. मामीला आमच्याशी बोलायला वेळ नसतो.' खाली बाईंचा लाल शाईतला शेरा : छान!

"अगं, हे तर आपलंच घर!"

"मग कुठलं लिहू?" वृषाली म्हणाली. "खऱ्या मामाकडं आपण भाऊबीजेला जातो अन् जेवून माघारी येतो. सुट्टीतलं मामाचं गाव मला एवढंच ठावं हाय."

उज्ज्वलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरीनं सख्ख्या बापाला मामा केलं होतं आणि आईला मामी, आणि त्यात तिची काही चूक नव्हती! पुढच्या मे महिन्यात दहावीचे क्लास. म्हणजे सुट्टी म्हणावी अशी ही शेवटचीच. तिनं तिथल्या तिथं भावाला, आदेशला, फोन लावला. "या जत्रंला येनार म्हंजी येनार. पोरीला घिऊन, चांगलं चार दिवस. आयला सांग."

जत्रेच्या दिवशी तिनं पहाटे उठून स्वयंपाक उरकला आणि पिशवी भरली. गोरख पिशवीकडं बघून म्हणाला, "पावणं घरात अन् घरधनीण बाहेर? लोकं काय म्हणतील?" इंद्रायणी पंख्याखाली आंबा चोखत होती. ती म्हणाली, "जा गं तू. आमचं काय, खाऊ आमी काहीबाही." हे 'काहीबाही' तिनं अशा काही सुरात म्हटलं, की उज्ज्वलाला पिशवी खाली ठेवावी लागली. रस तेवढा काढून जाते, म्हणाली. मग रसाची भांडी आली, मग चहा, मग पोरांच्या आंघोळी. ऊन कलंडलं तरी बाई मोरीतच. स्वतःचाही तिला संताप आला.

दिवेलागणीला इंद्रायणीचे यजमान ज्ञानेश्वरराव उत्साहानं उठले. दिवाळीचे उरलेले फटाके त्यांनी खोकंभर आणले होते. परसात लिंबाखाली खुर्ची मांडून त्यांनी उज्ज्वलाला बळंच बसवलं.

"वहिनी, तोंड कशापायी पाडता? जत्रंत तरी काय, शोभेची दारूच उडती ना? घ्या, तुमची जत्रा हितंच!"

सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. गोरखनंही! भुईनळे उडाले, भुईचक्रं फिरली. एक बाण आडवा सुटला तो वाळत घातलेल्या कुरडयांत शिरला. त्या कुरडया नणंदांनाच बांधून द्यायच्या होत्या, म्हणून उज्ज्वला काही बोलली नाही. शेवटचा बार वाजला तसे ज्ञानेश्वरराव हात झटकत म्हणाले, "झाली का जत्रा? फिटली ना हौस? चला, आता पानं घ्या. पोरं भुकेजलीत."

उज्ज्वला उठली.

"भाऊ, माझी आय दारात बसून वाट बघतीया. ती हाय का तुमच्या खोक्यात? आसंल तर काढा, मी हितंच जत्रा करते." तिनं रिकामं खोकं उलटं करून दाखवलं. "न्हाई ना? मग पीठ डब्यात हाय अन् तवा शेगडीवर. हात देवानं सगळ्यांना दोन-दोन दिलेत. वृषाली, चल!"

गोरख मागं धावला. "अगं, अंधार पडतोय. उसातनं बिबट्या आडवा आला म्हंजी?"

"येऊ दे. त्याला सांगंन, माहेराला चाललेय. त्यो तरी 'पुढच्या साली जा' म्हणायचा न्हाई."

वाटभर ती स्कूटीला ऐकवत होती आणि वृषाली मागं खुदुखुदु हसत होती. पोचल्या तेव्हा पालखी निघायची होती. साळुबाईनं, तिच्या आईनं, दोघींवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि लेकीचं तोंड दोन्ही हातांनी कुरवाळलं. वृषाली तर मामाच्या पोरांबरोबर पाळण्याकडं पळालीसुद्धा. उज्ज्वलाला भरून आलं. पण राग काही उतरला नव्हता. ती स्वयंपाकघरात जाऊन भावजयीपुढं, अश्विनीपुढं, बसली आणि पहिल्यापासून सगळं सांगायला लागली. "सोळा वर्षं, अश्विनी! आपली बाई माहेरावाचून झुरती, हे एका गड्याला दिसू नये?"

अश्विनी पोळ्या लाटत नुसती हूं हूं करत होती. शेजारी पुरणाचं पातेलं, पोळ्यांची चळत. तिच्या कपाळावरचा घाम बघून उज्ज्वलानं सहज विचारलं, "तुझ्या माहेरची जत्रा कधी आसती गं?"

"काल झाली, ताई."

"मग? गेली न्हाईस?"

अश्विनीनं पोळी उलटली. उज्ज्वला ताडकन उठून बाहेरच्या ओट्यावर आली. आदेश तिथं फेटा बांधत होता.

"काय रं? तुझे हात मोडले व्हते का हिला माहेरी सोडायला?"

"जाते म्हणत व्हती ती," आदेश गडबडला. "पण पावणं यायचं अन् घरात बाईमाणूस न्हाई, बरं दिसतं का?"

"आसं कोण लाटसाहेब पावणं यायचं व्हतं रं तुझ्याकडं?"

आदेशला प्रश्नच कळेना.

"अगं ताई," तो म्हणाला, "तूच की."