रबाळ्याच्या पाइपात बाटला नको

"बाटल्यावर उरकून टाका ना," शिर्के साहेब म्हणाले. "खाडीचं पाणी आत्ता थांबलंय, प्लँट बंद आहे, आणि तुम्ही दुसरं सामान आणायला खांदेश्वरच्या गोदामात टेम्पो पाठवताय?"

नव्वदच्या दशकातली गोष्ट. रबाळ्याची, खाडीकाठची केमिकल फॅक्टरी. शिर्के साहेब तिथले मेन्टेनन्स इंजिनिअर, मी डायव्हिंग सुपरवायझर. फॅक्टरी ज्या पाइपातून खाडीचं पाणी ओढायची, त्यात एक तुटकं मासेमारीचं जाळं जाऊन बसलं होतं. पाइप माणूस वाकून शिरेल एवढा, जाळं वीस मीटर आत.

चूक आमचीच. आदल्या आठवड्यात मालवणला काम होतं, पाणी निवळशंख. तिथे स्कूबा चालतं. पाठीवर हवेचा बाटला, पायात फिन्स, मोकळं पोहायचं. टेम्पोतून तेच सामान जसंच्या तसं रबाळ्याला आलं. खाडीत स्वतःचा हात दिसत नाही, फिन्स मारले की गाळ आणखी उठतो. आणि पाइपात अडकलात तर डोकं वर काढायला जागा नाही. अशा ठिकाणी काठावर कॉम्प्रेसर लावायचा, नळीने हेल्मेटमध्ये हवा द्यायची, नळीसोबत टेलिफोनची वायर, पायात बूट. बाटला संपतो. कॉम्प्रेसर चालूच राहतो.

एसटीडी बूथवरून आमच्या कंपनीच्या मालकांना फोन केला. ते म्हणाले, "तुझा हट्ट नडणार एक दिवस. क्लायंट गेला म्हणजे?"

"गेला तर गेला," मी म्हणालो. आणि फोन ठेवला.

आमचा डायव्हर दिलावर रायगडच्या किनाऱ्यावरचा, जन्म खाडीत गेलेला. तो हसला. "दादा, तुमी साताऱ्याचे. विहिरीत शिकलेले, म्हनून घाबरता. बाटला द्या, वीस मिनटांत येतो."

"नाही म्हणजे नाही."

सामान येईपर्यंत ओहोटीचं पाणी वाहायला लागलं. पुन्हा थांबायला संध्याकाळचे पाच. माणूस आत असताना कोणी चुकून पंप चालू करू नये म्हणून त्याचे फ्यूज काढून मी खिशात ठेवले होते, त्याचाही शिर्के साहेबांना राग.

पाचला दिलावर उतरला. पंधरा मिनिटं फोनवर त्याचा श्वास ऐकू येत होता. मग आवाज आला, "दादा, वरचं जाळं सुटून अंगावर पडलं. दोन्ही पाय गुतले."

दुसरा डायव्हर तयार बसला होता, पण लगेच आत पाठवला तर दोघंही गुंतायचे.

"सुरी आहे ना हातात?"

"हाय. पन दम लागलाय. मासा वळवळतो म्हनून जास्त गुततो, बाप सांगायचा. जरा गप पडून रातो. तुमी बोलत रावा."

काय बोलणार? मी त्याला आमच्या गावची विहीर सांगितली. मला कुठल्या पायरीवरून ढकललं, किती पाणी प्यालो, चुलता काठावर बसून कसा हसत होता. तोही हसला. मग त्याने एकेक दोरा चाचपून कापायला घेतला. अर्धा तास गेला, चाळीस मिनिटं गेली. शिर्के साहेब कधी शेजारी येऊन उभे राहिले कळलं नाही.

"बाटला किती वेळ पुरला असता हो?"

"एवढी झटापट केली तर अर्धा तास."

त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

सव्वासहाला दिलावर बाहेर आला. हेल्मेट काढल्यावर त्याचा घामेजलेला, वैतागलेला चेहरा दिसला आणि माझा जीव भांड्यात पडला. आधी शिव्या घातल्या, मग चिखलासकट मिठी मारली. जाळं दुसऱ्या दिवशी त्यानेच काढलं. या वेळी नळी त्याने स्वतःहून लावून घेतली.

रिपोर्टमध्ये 'उशिराचं कारण' असा रकाना होता. शिर्के साहेबांनी लिहिलं, डायव्हिंग कंपनीने चुकीचं सामान आणलं. कागद पुढे सरकवताना ते ओशाळले. "लिहावं लागतं हो."

मी आनंदाने सही केली. खोटं काहीच नव्हतं. चुकीचं सामान आणलं, तर एका ओळीचा शेरा बसतो. तेच वापरलं असतं, तर मला दिलावरच्या घरी जावं लागलं असतं.