जिथं वाईन बनते

तुलारामाला एक रात्र घराबाहेर काढायला लावणं म्हणजे नदीलाच घरी मुक्कामाला बोलावणं, असं दुर्गा माहेरी हसत हसत सांगायची. सासुरवाडीचं लग्न असो की बारसं, तुलाराम जेवायचा, हात धुवायचा आणि दिवस बुडायच्या आत परत. पवनी तालुक्यात वैनगंगेच्या काठी त्यांचं गाव. पहाटे जाळं काढायचं, मासळी अड्याळच्या बाजारात पोचवायची, दुपारी फाटलेलं जाळं विणायचं आणि संध्याकाळी पुन्हा पाण्यात टाकायचं. नदीचं पुरं नाव त्याच्या तोंडून क्वचितच निघायचं. त्यांच्या ढिवरपुऱ्यात, मासेमारांच्या त्या वस्तीत, सगळेच तिला लाडानं नुसतं 'वैन' म्हणत. "आज वैन रुसली वो," असं म्हणत तो रिकामी टोपली ठेवायचा, पण त्यात तक्रार नसायची. रुसली तर रुसली, उद्या हसेल.

दुर्गाची धाकटी बहीण रिता नाशिककडे दिली होती. तिचा नवरा कैलाश एका वाईनवाल्यांच्या द्राक्षबागेत मुकादम. एकदा रितानं मोबाइलवर व्हिडिओ पाठवला. मोठ्या लाकडी टोपात मुली गुडघ्यापर्यंत सलवारी वर करून द्राक्षं तुडवत होत्या. तो पाहिला आणि दुर्गाची लेक अपेक्षा हट्टालाच पेटली. अपेक्षा आठवीत, तिचा भाऊ कमलेश नववीत. बाजारात आईबापांच्या दहा पावलं मागं चालायचं, कोणी ओळखीचं दिसलं की दुकानाची पाटी वाचत उभं राहायचं, असं ते वय. एरवी कशालाच 'हो' न म्हणणारी ही दोघं पहिल्यांदा एका गोष्टीवर एक झाली.

"माय, जाऊ ना वो!"

दुर्गा गुरुवार करणारी बाई. तिनं रिताला फोन लावला. "काहून वो, दारू बनते तिथं पोट्टे नेऊ का मी?"

"ताई, पेवाच्या जागी पोरायले कोणी जाऊच देत नाही. बाग पाहाची, द्राक्षं तोडाची, तुडवाची, रस पेवाचा. आन त्र्यंबकेश्वर हाय ना जवळ! म्हादेवाच्या दर्शनाले ये तू, बाग त्यायले पाहू दे."

त्र्यंबकेश्वराचं नाव निघालं आणि दुर्गाचा विरोध विरघळला. दिवाळीत जायचं ठरत होतं, तर रिताच हसली. "दिवाळीत याल तं नुसत्या काड्या पाहून जाल. छाटणी होते तवा. संक्रांत होऊ द्या." मग सव्वीस जानेवारीला लागून शाळेच्या दोन सुट्ट्या मागायच्या आणि वरठी स्टेशनावरून गाडी पकडायची, असं ठरलं.

राहिला तुलाराम. नाशिक म्हटलं की तो लांब म्हणून मोडता घालणार, हे दुर्गाला ठाऊक होतं. म्हणून तिनं गावाचं नावच घेतलं नाही. तो अंगणात जाळं विणत बसला होता. भाजी निवडता निवडता ती सहज बोलल्यासारखं म्हणाली, "पोट्टे म्हणून राहिले, वाईन जिथं बनते तिथं जाऊ म्हून."

तुलारामाचा हात थांबला. "पोट्टे म्हणले?"

"हो ना. दोघंबी."

"मंग मीबी येतो," तो म्हणाला. "चवघंबी जाऊ."

दुर्गाला आपल्या कानांवर विश्वास बसेना. संध्याकाळी तिनं देवापुढं साखर ठेवली. दुसऱ्याच दिवशी कमलेशनं चौघांची तिकिटं काढली.

संक्रांतीच्या आठवड्यात शेजारच्या कुंताबाई आल्या. जन्मभर डोक्यावर मासळीची टोपली वाहिलेली म्हातारी, मान अजून ताठ. त्यांच्या हातात खण, नारळ आणि पसाभर तांदूळ.

"दुर्गा, वैन जिथं बनते तिथं जाऊन राहिले ना तुमी? तुलाराम घाटावर साऱ्यायले सांगत होता. माह्या नावानं तिची वटी भरजो बाई. साऱ्या जल्माचं खाल्लं तिचं, पन तिचं माहेर काही पाहलं नाही."

दुर्गानं पदर पुढं केला. ओटीला कुणी नाही म्हणतं का? कुंताबाई गेल्या आणि ती तशीच उंबऱ्यात उभी राहिली. वाईन आणि वैन! एका कान्यानं केवढा घोळ केला होता! संध्याकाळपर्यंत आणखी बाया येऊन गेल्या. देवघराजवळची टोपली नारळांनी भरली.

कमलेश हे ऐकून पोट धरून हसला. अपेक्षा हसली नाही. "माय, बाबाले सांगू नको. सांगतलं का येनारच नाहीत थे."

"आन नाशिकले उतरल्यावर 'वैन कुठी हाय' म्हनतील तवा?"

"गोदावरी दाखवू," कमलेश म्हणाला. "वैनगंगा शेवटी तिलेच जाऊन भेटते. भूगोलात हाय आमच्या."

"बापाले फसवाले भूगोल शिकतू का रे?" दुर्गानं त्याच्या डोक्यात टपली मारली. पण मन तिचंही तेच म्हणत होतं. सांगितलं तर हा माणूस पुन्हा आपल्या काठावर जाऊन बसेल, आणि चौघांनी मिळून कुठं जायचं हे राहूनच जाईल. पोरं आणखी दोन वर्षांत हातची जातील. मग कोण कुणाबरोबर येतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं अंगणात चहाचा कप त्याच्यापुढं ठेवला आणि सगळं सांगून टाकलं.

"नाशिक?"

"हो."

"द्राक्षाची दारू?"

"पोट्टे नुसती बाग पाहनार हायेत जी. मी तुमाले गावाचं नाव सांगाले पायजे होतं."

तुलाराम चिडला असता तर बरं झालं असतं. तो नदीच्या पाण्याकडं पाहत म्हणाला, "मले वाटलं, पोट्ट्यायले वैन पाहाची हाय. धरन झाल्यापासून ती हितं बसूनच गेली ना. चालतानी कशी दिसे, खळखळ कशी करे, यायनं पाहलंच नाही. बापाच्या अंगाले मच्छीचा वास येते म्हून दूर चालतात पोट्टे. मी म्हटलं, चला, आता मोठे झाले, स्वताहून म्हणून राहिले."

दाराआड काहीतरी हललं. अपेक्षाची ओढणी दिसली आणि नाहीशी झाली.

तुलारामानं चहा संपवला, देवघराजवळची टोपली उचलली आणि निघाला. ज्याच्या त्याच्या ओट्या परत करायला. दुर्गा चुलीशी बसली. झालं, तिकिटं रद्द करावी लागणार. तिनं मनातल्या मनात महादेवाची माफीसुद्धा मागून टाकली.

थोड्या वेळानं पुऱ्यातून हसण्याचा गलका ऐकू आला. मग अंगणात तुलाराम उगवला, टोपली तशीच भरलेली, आणि मागं पदरानं डोळे पुसत कुंताबाई.

"अवो दुर्गा, हा माणूस माही वटी दारूच्या गावाले घेऊन चालला होता! चढली असती ना बाई वैनले!"

तुलाराम कानापर्यंत लाल झाला होता. "काकू, पुरे न आता."

"काहून पुरे? होळीपर्यंत पुरवीन मी. आन वटी वापस घेऊन कोठी आला रे तू? देल्लेली वटी कोनी वापस घेते?" त्या ओसरीवर टेकल्या. "वैन जिथून निंघते थे सिवनीकडचं गाव नाशिकपेक्षा जवळ हाय म्हनतात. गाडी कर एक. तूच ने आमाले. सातआठ बाया तं आत्ताच तयार झाल्या. मी समोर बसीन, मले मागं ओकाऱ्या येतात."

दुर्गानं नवऱ्याकडं पाहिलं. म्हणजे नाशिक राहिलंच का?

"पयले पोट्ट्यायची वाईन," तो म्हणाला. "तिकीट निंघाली हाय. मंग आमची वैन."

अपेक्षा बाहेर आली. बापाच्या अगदी शेजारी, जाळ्याच्या ढिगावर बसली. "बाबा, बायायसंग मीबी येईन."

"शाळा?"

"बुडवीन."

"बुडव," तुलाराम म्हणाला. दुर्गानं डोळे वटारले, पण कुणी तिच्याकडं पाहिलंच नाही.

रात्रीच्या जेवणाआधी रिताचा फोन आला. "ताई, भाऊजी खरंच येऊन राहिले? आमच्या घरी? मुक्कामाले?" ती इतक्या मोठ्यानं ओरडली की फोन कानापासून दूर धरावा लागला.

"हो वो, येऊन राहिले."

तुलाराम लांबून म्हणाला, "इचार तिले, तिकडे पानी गिनी हाय का काही?"

पलीकडून कैलाशचाच आवाज आला. "शेततळं हाय ना भाऊ बागेले! मच्छ्या सोडल्या हायेत त्यात. पन धराले कोनाले येते आमच्याकडे?"

तुलाराम उठला आणि खुंटीवरची जाळी एकेक काढून दिव्याच्या उजेडात धरून पाहू लागला.