तळहात

आमच्या शेजारी राहणारे गिरणीतले भरती-अधिकारी दरवर्षी आमच्या कॉलेजात प्रमुख पाहुणे म्हणून येतात आणि "नव्या मध्यप्रदेशाला शिकलेली माणसं हवीत" असे गहिवरून सांगतात. परदेशीपुऱ्यात गिरणीच्या फाटकावर मात्र ते उमेदवाराचे तळहात चाचपतात. मऊ लागले की म्हणतात, "जाओ भिया, मास्टरी करो."

हे ऐकून माझा एक पदवीधर विद्यार्थी महिनाभर विटा वाहून, हाताला घट्टे पाडून फाटकावर गेला. मी सोबत होतो. हात चाचपून ते हसले. "हमालीच करायची होती, तर शिकला कायको?"



यंदा हार घालताना मी त्यांचा हात हाती घेतला आणि चाचपला. तो लोण्यासारखा मऊ होता. माझाही तसाच होता.