खराब नमुना

वीस वर्षं मी इंदूरच्या एका लॅबमध्ये रक्तातलं शिसं मोजते आहे, आणि खरं सांगायचं तर जीव मेटाकुटीला येतो तो मोजण्यात नाही, बाहेरचं शिसं नमुन्यात शिरू न देण्यात. धूळ, साधी नळी, नळाचं पाणी, कुठूनही ते आत येतं. म्हणून आकडा फार मोठा आला की आम्ही आधी नमुन्यावर संशय घेतो, माणसावर नंतर. या सवयीचा मला चांगलाच अभिमान होता.

गेल्या हिवाळ्यात सराफ्याजवळून चार वर्षांच्या एका मुलीचं रक्त तपासायला आलं. तिचे वडील दागिन्यांच्या दुकानांतली झाडलोटीची धूळ विकत घेतात, ती शिशाबरोबर वितळवून त्यातली चांदी काढतात. भट्टी घरातच. रक्त बोट टोचून घेतलेलं होतं आणि आकडा भयंकर होता. मशीन पुन्हा तपासलं, ठीक होतं. म्हटलं, अशा घरातलं बोट, धूळ लागलेली असणारच. संध्याकाळ झाली होती, पाठ मोडून आली होती. मी रिपोर्टवर लिहून टाकलं: नमुना खराब, शिरेतून पुन्हा घ्यावा. नियमाला धरूनच होतं ते. त्यात आजही कोणी चूक काढणार नाही.

मुलीच्या घरी एक फोन करायला हवा होता. नंबर समोर होता. कंटाळा केला.

दीड महिन्यानं आई मुलीला घेऊन आली. पोरीचं पोट सारखं दुखत होतं, ती काही खात नव्हती. मी स्वतः तिचा हात कोपरापर्यंत धुतला आणि शिरेतून रक्त घेतलं. ती रडलीसुद्धा नाही, नुसती बघत राहिली. त्याचीच मला भीती वाटली.

आकडा पहिल्याहून मोठा आला.

दुसऱ्या दिवशी आई रिपोर्ट घ्यायला आली तेव्हा मी चिडूनच विचारलं, "इतके दिवस काय करत होतात?"

"मॅडमजी, तुम्हीच तर लिहिलं होतं ना, सॅम्पल खराब आहे," ती म्हणाली. तिच्या आवाजात भांडण नव्हतं, म्हणून मला जास्त लाज वाटली. "आम्हाला वाटलं, मतलब पोरगी ठीक आहे. भट्टी तर चालूच होती."

मी तिच्यासमोरच मुलीच्या डॉक्टरांना फोन लावला. त्या फोनला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.