शॉकनंतरची काळी वाळू

शैला सिस्टरांचं नाव आधी सांगते. त्या नसत्या, तर वाळू सांडली त्याच दिवशी मी गावाकडची, परभणीची एसटी धरली असती.

राजारामपुरीतल्या एका मानसिक आजारांच्या दवाखान्यात मी आया होते. शाळा सातवीत सुटलेली, गाव लांब. नोकरी जाईल ही धास्ती कायम. नव्वदचं दशक संपत आलं होतं. फौंड्रीत लोखंड ओतायचे साचे करणारे एक मोल्डर, दत्तूमामा, आमच्याकडे ॲडमिट होते. डिप्रेशन. बोलणं बंद, जेवण जवळजवळ बंद. गोळ्यांनी गुण येईना, म्हणून शॉक सुरू केले. भूल देऊन डोक्याला काही सेकंद करंट देतात, ते. चार झाले, तरी मामा घास गिळेनात.

माणूस शुद्धीवर येताना ओळखीचा वास, ओळखीचा स्पर्श द्यावा, असं सिस्टरांच्या मनात होतं. डॉक्टर म्हणाले, "बघा करून."

सिस्टर मला म्हणाल्या, "वाळू आण. या माणसाचा हात जन्मभर वाळूत गेलाय."

मी शेजारच्या बांधकामावरून डबाभर आणली. पाचव्या शॉकनंतर मामांच्या मुठीत दिली. मूठ सुटली, वाळू चादरभर.

डॉक्टर आत आले. "हा कचरा कुणी केला?"

मी चादरीवरची वाळू गोळा करायला लागले. सिस्टर म्हणाल्या, "मी सांगितलं होतं, सर."

कोपऱ्यात मामांची बायको बसली होती. त्या मामी म्हणाल्या, "अगं बाई, ही घर बांधायची वाळू. फौंड्रीची काळी असती. दाबली की लाडू व्हाय पायजे."

सहाव्या शॉकला मामींनी जेवणाच्या डब्यातून काळी वाळू आणली. मामांनी मूठ दाबली. अंगठ्यानं लाडू मोडला. मोडलेली कड बराच वेळ बघितली.

"वली हाय," ते म्हणाले. "ह्यात वतलं तर ब्लोहोल पडंल की."

ब्लोहोल म्हणजे वाळू जास्त ओली असली, की ओतलेल्या लोखंडात राहणारं भोक. हे मला नंतर कळलं.

मामी म्हणाल्या, "दुसरी आणू. आधी दोन घास खावा."

मामांनी खाल्ले.

पुढं आणखी शॉक झाले, गोळ्या चालूच राहिल्या. मामा घरी गेले, मग कामावरही. गुण कशाचा, असं मी भीतभीत विचारलं. डॉक्टर म्हणाले, "शॉकचा. वाळूचं मला सांगता येणार नाही. पण तो डबा टाकू नका."

मी एवढंच शिकले, की पेशंटच्या हातात काही देण्याआधी घरच्यांना विचारावं.

सिस्टर आता राधानगरीला असतात. एकट्याच. कधी अंथरुणाला खिळल्या, तर उशाशी मी असेन. त्यांच्या हातात काय द्यायचं, ते मात्र आत्ताच जाऊन विचारून ठेवणार आहे.